अंगावर उडालेलं औषध आत किती जातं?

फवारणी करणाऱ्या माणसाला विचारून पाहा, औषध लागतं कुठून? उत्तर ठरलेलं असतं: नाकातून. वास चढला, डोकं गरगरलं, म्हणजे औषध लागलं. म्हणून दुपट्टा नाकातोंडाला घट्ट बांधलेला, आणि अंगात मात्र फाटकं बनियान, पायजमा गुडघ्यापर्यंत दुमडलेला, पाय उघडे. "अंगाले काय होते भाऊ, वाऱ्यानं वाळून जाते," हे यवतमाळ, वर्धा, अमरावतीकडच्या कोणत्याही धुऱ्यावर ऐकायला मिळेल.

या समजुतीला हसण्यात अर्थ नाही. नाक लगेच तक्रार करतं, कातडी करत नाही. सायपरमेथ्रिनसारख्या काही औषधांनी चेहऱ्यावर चुणचुण होते हे खरं, पण कपाशीवरची बरीचशी औषधं अंगावर सांडली तरी पाण्यासारखीच वाटतात. जे दुखत नाही ते लागत नाही असं कोणालाही वाटणार.

मोजमाप मात्र उलटं सांगतं. अमेरिकेतल्या वॉशिंग्टन राज्यातल्या फळबागांत फवारणी करणाऱ्या मजुरांवर विल्यम डरहॅम आणि होमर वुल्फ या दोघांनी बरीच वर्षं काम केलं आणि १९६२ साली जागतिक आरोग्य संघटनेच्या नियतकालिकात मोजण्याची रीत सविस्तर मांडली. रीत साधी होती. मजुराच्या छातीवर, खांद्यावर, हातावर, मांडीवर शोषक कागदाचे किंवा जाळीच्या कापडाचे चौकोनी तुकडे लावायचे, श्वासाच्या वाटेत एक वेगळा तुकडा ठेवायचा, काम संपल्यावर हात धुतलेलं पाणी साठवायचं आणि या सगळ्यांतलं औषध प्रयोगशाळेत काढून मोजायचं. असं मोजल्यावर दिसलं ते हे, की कातडीवर पडणारं औषध श्वासातून जाणाऱ्या औषधाच्या कितीतरी पट असतं. फवाऱ्याचे बहुतेक थेंब इतके मोठे असतात की ते फुप्फुसापर्यंत पोचण्याआधीच कुठेतरी बसतात. त्यातले पुष्कळ माणसावरच बसतात.

२०१७ च्या खरिपात यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने वीसहून जास्त माणसं दगावली आणि शेकडो दवाखान्यात भरती झाली. त्या साली पऱ्हाटी, म्हणजे कपाशीची झाडं, नेहमीपेक्षा उंच गेली होती, डोक्याच्या बरोबरीने किंवा वर. कमरेच्या पातळीवरून मारायचा फवारा तोंडाच्या पातळीवरून मारावा लागत होता आणि ओल्या झाडांतून अंग घासत पुढे जावं लागत होतं. ‘सुरक्षा किट’ हा शब्द त्यानंतर गावोगाव पोचला. पण किट कशापासून वाचवतं आणि किती, हे समजायचं तर आधी दोन प्रश्न वेगळे करावे लागतात. अंगावर किती पडलं, हा पहिला. त्यातलं रक्तापर्यंत किती गेलं, हा दुसरा. पहिला मोजता येतो. दुसऱ्याचा अंदाज बांधावा लागतो, आणि हा लेख त्या अंदाजाबद्दल आहे.

भिंत आणि गारा

कातडीचा अगदी वरचा थर मेलेल्या पेशींचा असतो. जाडी जेमतेम मिलिमीटरचा पन्नासावा भाग, बऱ्याच ठिकाणी त्याहून कमी. बाहेरच्या रसायनाला अडवण्याचं जवळजवळ सगळं काम हा एवढासा थर करतो. त्याच्या खालच्या जिवंत थरांत एकदा पोचलं की रक्त फार लांब नसतं.

या थराचं वर्णन संशोधक विटामातीच्या भिंतीसारखं करतात. चपट्या मेलेल्या पेशी म्हणजे विटा, आणि त्यांच्यामधला गारा म्हणजे सेरामाइड, कोलेस्टेरॉल आणि स्निग्ध आम्लं, म्हणजे एक प्रकारची चरबीच. रसायन विटा फोडून सहसा जात नाही, ते गाऱ्यातून वळणं घेत जातं. गारा चरबीचा असल्यामुळे नुसत्या पाण्यात विरघळणाऱ्या पदार्थाला आत शिरणं अवघड, तेलात विरघळणाऱ्याला सोपं. पण फारच तेलकट पदार्थाची पंचाईत पुढे होते. भिंतीच्या पलीकडचे जिवंत थर पाणीदार आहेत, तिथे उतरायला तो तयार नसतो आणि गाऱ्यातच अडकून बसतो. सगळ्यात सराईतपणे पार होतो तो मधला: तेलातही विरघळणारा, पाण्यालाही फार न लाजणारा.

दुसरी गोष्ट आकाराची. रेणू जितका मोठा, तितकी वाट अरुंद. २००० साली अॅमस्टरडॅमच्या दोन त्वचारोगतज्ज्ञांनी ‘५०० चा नियम’ मांडला. रेणूचं वजन ५०० डाल्टनच्या (हे रेणू तोलायचं माप) वर गेलं की तो निरोगी कातडीतून सहसा पार होत नाही, असा तो ठोकताळा. त्यांनी उदाहरणं घेतली ती मलमातून दिल्या जाणाऱ्या औषधांची आणि कातडीला अॅलर्जी आणणाऱ्या पदार्थांची. कपाशीवरच्या कीटकनाशकांच्या यादीवर नजर टाकली तर बहुतेक सगळी या रेषेच्या खालीच सापडतात.

या दोन गोष्टी, तेलात विरघळण्याचा कल आणि रेणूचं वजन, एवढ्यावरून वेगाचा अंदाज देणारं समीकरण रसेल पॉट्स आणि रिचर्ड गाय यांनी १९९२ साली दिलं. त्याआधीच्या प्रयोगांतून गोळा झालेल्या नव्वदेक रसायनांच्या आकड्यांवर ते बेतलेलं आहे. आजही ज्या रसायनावर प्रयोग झालेलाच नाही, त्याचा पहिला अंदाज अनेकदा याच समीकरणाने काढतात. दोन आकडे घाला, एक वेग मिळतो: पाण्यात विरघळलेलं रसायन तासाला किती सेंटिमीटर सरकतं ते.

आपल्याकडच्या दोन ओळखीच्या औषधांवर हे करून पाहिलं. प्रोफेनोफॉस बराच तेलकट, रेणूचं वजन ३७४ च्या आसपास. मोनोक्रोटोफॉस, जे २०२३ च्या केंद्राच्या आदेशाने बंदीच्या यादीत गेलं, ते पाण्यात सहज मिसळणारं, वजन २२३. समीकरण म्हणतं, प्रोफेनोफॉसचा वेग मोनोक्रोटोफॉसच्या दोनशेहून जास्त पट. मग मोनोक्रोटोफॉस अंगावर सांडलं तर चालेल? अजिबात नाही. डब्यावर त्याला सगळ्यात विषारी गटाचा लाल त्रिकोण होता आणि प्रोफेनोफॉसला त्याखालचा पिवळा, त्याला कारण आहे. उंदरांवरच्या चाचण्यांत तोंडावाटे दिल्यावर जीव घेणारं मोनोक्रोटोफॉसचं प्रमाण किलोमागे २० मिलिग्रॅमच्या आतलं, तर प्रोफेनोफॉसचं काही शे मिलिग्रॅम. किती आत जातं आणि आत गेलेलं किती घातक, हे दोन हिशेब एकमेकांपासून वेगळे आहेत, आणि दोन्ही करावे लागतात. त्यातून मोनोक्रोटोफॉस ज्या द्रावकासकट डब्यात यायचं, त्याचा विचार समीकरणात कुठेच नाही. ते पाण्यातल्या शुद्ध रसायनापुरतं बोलतं. डब्यातला द्रावक स्वतःच गारा सैल करू शकतो.

काचेच्या नळीत एक चौकोन कातडी

म्हणून प्रयोग. थॉमस फ्रान्झ यांच्या नावाने ओळखली जाणारी काचेची कुपी १९७५ पासून वापरात आहे. वर एक कप्पा, खाली एक कप्पा, मध्ये कातडीचा तुकडा ताणून बसवलेला. कातडी माणसाची असते, बहुधा पोटाची चरबी काढण्याच्या शस्त्रक्रियेत कापून टाकलेली, रुग्णाच्या संमतीने घेतलेली. तिचा वरचा अर्ध्या मिलिमीटरहून पातळ पापुद्रा यंत्राने तासून घेतात. वरच्या बाजूला रसायन लावतात. खालच्या कप्प्यात रक्ताची जागा घेणारा द्रव फिरत असतो. सगळं ३२ अंश सेल्सियसला ठेवतात, कारण उघड्या कातडीचं तापमान साधारण तेवढं असतं. मग ठरावीक तासांनी खालच्या द्रवाचे नमुने घेत राहायचं. आर्थिक सहकार्य आणि विकास संघटनेने, म्हणजे ओईसीडीने, २००४ साली याची प्रमाणित पद्धत ठरवली आणि तिचा क्रमांक ४२८ आहे. जगभरच्या कीटकनाशक नोंदणीच्या कागदपत्रांत हा आकडा पुन्हा पुन्हा भेटतो.

ऐकायला सोपं वाटतं, पण खोच बारीकसारीक गोष्टींत आहे. खालच्या कप्प्यात नुसतं मिठाचं पाणी ठेवलं तर तेलकट रसायन त्यात उतरतच नाही, आणि ‘काही आत गेलं नाही’ असा सुखद पण खोटा निकाल येतो. म्हणून त्या द्रवात प्रथिन किंवा थोडं अल्कोहोल मिसळावं लागतं. कातडी कुठे फाटली तर नाही, हे आधी तपासावं लागतं. आणि शेवटी सगळा हिशेब जुळावा लागतो: जेवढं लावलं तेवढं कुठे ना कुठे सापडलंच पाहिजे. वरून पुसून निघालेलं किती, खाली उतरलेलं किती, कातडीत अडकलेलं किती.

कातडीत अडकलेलं मोजायची पद्धत मला फार आवडते. चिकट पट्टी कातडीवर दाबायची आणि ओढून काढायची. तिच्याबरोबर मेलेल्या पेशींचा एक पदर निघतो. मग दुसरी पट्टी, तिसरी, असं करत सगळा वरचा थर सोलून काढतात आणि प्रत्येक पट्टीवरचं रसायन मोजतात. पहिल्या एकदोन पट्ट्यांवरचं सोडून देतात, कारण तेवढं तसंही झडून जाणार असतं. आता वाद असा, की मधल्या थरात जे बसलं आहे ते ‘गेलं’ म्हणायचं की ‘नाही गेलं’? प्रयोग २४ तासांत संपतो. माणूस संपत नाही. आज थरात बसलेलं उद्या-परवा हळूहळू खाली उतरू शकतं. युरोपातले नियम अशा वेळी सावध बाजू घेतात. शोषण लवकर आटोपलं असं आकड्यांतून दिसलं नाही, तर अडकलेलंही गेलेल्यात धरतात.

झोपायच्या कपड्यातलं रसायन

हा सगळा अभ्यास एकट्या कीटकनाशकांचा नाही. प्रोफेनोफॉस, मोनोक्रोटोफॉसच्याच कुळातली, म्हणजे फॉस्फरिक आम्लापासून बनणारी, दुसरी रसायनं घरात येतात ती आग रोखण्यासाठी. सोफ्याचा आणि गादीचा फोम, पडद्याचं कापड, टीव्हीचं मागचं प्लास्टिक, अशा ठिकाणी ती मिसळतात. कीटकनाशकांसारखं मज्जातंतूंवर एकदम हल्ला करणं त्यांच्या स्वभावात नाही, पण ती फोमला घट्ट चिकटूनही राहत नाहीत. झिरपून धुळीत येतात, धूळ हाताला लागते.

बर्मिंगहॅम विद्यापीठात मोहम्मद अब्दल्ला, स्टुअर्ट हॅराड आणि सहकाऱ्यांनी अशाच क्लोरीनयुक्त तीन रसायनांवर माणसाच्या कातडीचे प्रयोग केले. २०१६ साली छापलेला निकाल असा: २४ तासांत सगळ्यात लहान रेणूचा (वजन २८५) सुमारे २८ टक्के भाग आरपार गेला, मधल्याचा (३२८) २५ टक्के आणि मोठ्याचा (४३१) १३ टक्के. वजन वाढलं, तेलकटपणा वाढला, तसा पार होणारा हिस्सा घटला. साबणाच्या पाण्याने धुतल्यावर शोषण कमी झालं, पण थरात जाऊन बसलेला साठा धुण्याने हलला नाही.

इथपर्यंत सगळं ५०० च्या नियमाला धरून आहे. पण त्याच कुळातली एक गोष्ट आधीच घडून गेली होती. १९७० च्या दशकात अमेरिकेत मुलांचे रात्रीचे कपडे सहज पेटू नयेत असा नियम आला आणि कपड्यांत ‘ट्रिस’ नावाचं ब्रोमीनयुक्त रसायन भरलं जाऊ लागलं. १९७७ साली अर्लीन ब्लम आणि ब्रूस एम्स यांनी ते जनुकांत बदल घडवतं हे दाखवलं, आणि त्याच वर्षी अशा कपड्यांवर बंदी आली. तरी प्रश्न होता, कापडातलं रसायन मुलाच्या अंगात जातं कशावरून? रेणूचं वजन जवळजवळ ७००. नियमाप्रमाणे ते दारातच अडायला हवं. १९७८ साली ब्लम आणि सहकाऱ्यांनी मुलांची लघवी तपासली. असे कपडे घालणाऱ्या किंवा पूर्वी घातलेल्या दहा मुलांच्या लघवीत ट्रिसपासून शरीरात तयार होणारा पदार्थ सापडला. ज्यांनी ते कपडे कधीच घातले नव्हते असे एक मूल आणि एक मोठा माणूस, त्यांच्यात तो नव्हता. त्या दहांपैकी आठ मुलांचे कपडे अनेकदा धुतलेले होते. (याच ब्लमबाईंनी त्याच वर्षी बायकांची मोहीम घेऊन अन्नपूर्णा शिखराची चढाई नेली. काही माणसं वर्षाचा उपयोग नीट करतात.)

ठोकताळा खोटा ठरला असं नाही. पण तो कातडीवर थोडा वेळ लावलेल्या मलमाचा ठोकताळा आहे. रात्रभर, रोज, अंगभर घासणारं, घामाने ओलं होणारं कापड ही वेगळीच परिस्थिती. फवारणीच्या माणसाला ही परिस्थिती जास्त ओळखीची वाटेल.

टक्क्यांचा घोळ

आता त्या जागेवर येऊ जिथे शिकलेली माणसंही चुकतात. कुपीतल्या प्रयोगाचा निकाल टक्क्यांत येतो: लावलेल्यातलं इतके टक्के आत गेलं. आणि जवळजवळ प्रत्येक वेळी असं दिसतं, की पातळ केलेल्या औषधाचे टक्के जास्त आणि डब्यातल्या घट्ट औषधाचे कमी. युरोपच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाने २०१७ साली, प्रयोग उपलब्ध नसेल तर वापरायचे आकडे ठरवले. द्रावकात बनवलेल्या औषधासाठी, म्हणजे आपल्या डब्यावर ‘ईसी’ लिहिलेलं असतं त्या प्रकारासाठी, घट्ट औषधाचे २५ टक्के आणि पाण्यात मिसळलेल्याचे ७० टक्के शोषण धरायचं.

मग काय, घट्ट औषध जास्त सुरक्षित? हिशेब करू. समजा ५० टक्के ईसी औषध आहे आणि मात्रा १० लिटर पाण्याला २० मिली. डब्यातल्या एका मिलिलिटरमध्ये साधारण ५०० मिलिग्रॅम मूळ रसायन. पंपातल्या एका मिलिलिटरमध्ये एक मिलिग्रॅम. आता दिवसभर फवारून अंगावर ५० मिली पाणी मुरलं असं धरा. रसायन झालं ५० मिलिग्रॅम, त्याचे ७० टक्के म्हणजे ३५. आणि सकाळी डबा उघडताना झाकणाखालची चंदेरी पट्टी अंगठ्याच्या नखाने फोडली, झाकणाने माप घेतलं आणि एक मिली हातावर ओघळलं. रसायन ५०० मिलिग्रॅम, त्याचे २५ टक्के म्हणजे १२५. टक्के तिप्पट कमी, आत जाणारं साडेतीनपट जास्त. हे दोन्ही अंदाज नियामकाने मुद्दाम चढे धरलेल्या टक्क्यांवर आहेत, प्रत्यक्षात आकडे खाली येतील. पण दोघांमधला फरक पाहण्यासारखा आहे. दिवसभराच्या फवारणीपेक्षा औषध कालवतानाचा एक मिनिट भारी पडू शकतो, आणि नेमकं त्याच मिनिटात आपल्याकडे हातमोजे नसतात. कारण ‘फवारणी अजून सुरू झाली नाही’.

टक्के कमी का येतात, तेही सरळ आहे. भिंतीतून दर तासाला ठरावीकच माल जाऊ शकतो. वर थोडा माल ठेवला तर त्यातला बराचसा जातो, ढीग ठेवला तर ढिगाच्या मानाने थोडा. पण तास वाढले की ढीग आतमध्ये येत राहतो.

वावरातली कातडी

प्रयोगशाळेतली कातडी कोरडी, अखंड, पोटाची आणि ३२ अंशांची असते. आपल्याकडे ऑगस्ट-सप्टेंबरच्या उघडीपीत दहा वाजताच अंगातून पाणी वाहायला लागतं. १९६३ साली अमेरिकेत स्वयंसेवकांच्या हातावर पॅराथिऑन या कीटकनाशकाची भुकटी वेगवेगळ्या तापमानांना लावून पाहिली होती. (आज अशा प्रयोगाला कोणी परवानगी देणार नाही.) जितकं गरम, तितका लघवीतून बाहेर पडणारा विषाचा अवशेष जास्त. गरम कातडीत रक्त जास्त खेळतं, आणि ओलावलेला थर फुगून सैल होतो.

जागेचा फरक तर याहून मोठा आहे. रॉबर्ट फेल्डमन आणि हॉवर्ड मायबाख यांनी १९६७ साली शरीराच्या निरनिराळ्या भागांवर हायड्रोकॉर्टिसोन हे मलमातलं औषध लावून तुलना केली. कोपर ते मनगट या भागातून जाणारं प्रमाण एक धरलं, तर तळहातातून ०.८३, कपाळातून ६, जबड्याच्या कोपऱ्यातून १३ आणि अंडकोषाच्या कातडीतून ४२. पुढे मायबाख यांनी कीटकनाशकांवरही अशीच तुलना केली. पॅराथिऑन हातातून दहा टक्क्यांच्या आत जात होतं आणि अंडकोषाच्या कातडीतून जवळपास सगळंच.

हे आकडे डोक्यात ठेवून एखाद्या फवारणाऱ्याकडे पाहा. पंपाच्या झाकणाचं वायसर गेलेलं असतं, आणि प्रत्येक पावलाला थोडं पाणी उसळून पाठीवर, तिथून कमरेला, तिथून पायजम्याच्या नाडीपर्यंत ओघळतं. समोरून ओल्या पऱ्हाटीतून चालताना मांड्या भिजतात. नोझल तुंबलं की तो ते काढून तोंडाने फुंकतो. लघवीला जाताना हात धुवायला पाणी धुऱ्यावर नसतं, पंपासाठी आणलेलं ड्रमभर असतं, पण ते कामाचं. या साखळीत दुपट्टा नाकावर कितीही घट्ट बांधला तरी त्याचा उपयोग किती, हे सांगायला नको. तळहात जाड असतो म्हणून तो तुलनेने वाचतो. पण तोच तळहात औषध पुढे नेऊन ठेवतो तिथली कातडी पातळ.

नियामकाच्या हिशेबात आणखी एक गृहीतक लपलेलं असतं: आठ तासांचं काम आणि नंतर आंघोळ. आपल्याकडे आठ तास होतात. आंघोळ संध्याकाळी नळ आला तर होते. आणि फवारणीचा शर्ट खुंटीला टांगून दुसऱ्या दिवशी तोच घातला जातो, ‘चांगला कशाला खराब करायचा’ म्हणून. वाळलेल्या शर्टातलं रसायन घामाने परत ओलं होतं. म्हणजे दुसऱ्या दिवसाचा डोस पंप उचलण्याआधीच सुरू झालेला असतो. दुपारी जेवायच्या आधी साबणाने हात, मान आणि पाठ धुणं, आणि ओला शर्ट लगेच बदलणं, हे माझ्या मते कितीतरी महागड्या मास्कहून जास्त काम करतं. फक्त त्यासाठी वावरात वेगळं पाणी न्यावं लागतं, आणि रोजाने आलेल्या मजुरासाठी ते कोणी न्यायचं हा प्रश्न विज्ञानाचा नाही.

रक्तात पाहायचं तर

अंदाजाला एक पर्याय आहे. ऑर्गॅनोफॉस्फेट (प्रोफेनोफॉस, मोनोक्रोटोफॉस यातलीच) आणि कार्बामेट गटातली औषधं मज्जातंतूंच्या कामाला लागणाऱ्या कोलिनएस्टरेज या एन्झाइमला बांधून टाकतात, आणि या एन्झाइमचा जोर रक्ताच्या थेंबात मोजता येतो. नाकातून गेलं की कातडीतून, किती टक्के, कोणत्या तापमानाला, हे काही विचारायची गरज उरत नाही. जे पोचलं त्याचा परिणाम समोर दिसतो. पण सगळ्याच औषधांना ही चाचणी लागू नाही. पायरेथ्रॉइड (सायपरमेथ्रिन यातलंच) किंवा निओनिकोटिनॉइड गटातल्या औषधांनी त्रास झाला असेल तर हा आकडा काही बोलणार नाही.

अडचण दुसरीच आहे. या एन्झाइमचं प्रमाण माणसामाणसांत खूप वेगळं असतं. एकाचं निरोगी असतानाचं प्रमाण दुसऱ्याच्या आजारातल्या प्रमाणाइतकं असू शकतं. त्यामुळे मळमळ सुरू झाल्यावर दवाखान्यात एकदा रक्त तपासलं आणि ते ‘नॉर्मल’च्या रेषेत आलं, तर त्याचा अर्थ काहीच न झाल्यासारखा लावता येत नाही. कॅलिफोर्नियात १९७४ पासून यावर सरळ उपाय आहे. हंगाम सुरू होण्याआधी, औषधाला हात लावण्याआधी, मजुराचं रक्त तपासून त्याचा स्वतःचा पाया ठरवतात. त्यापेक्षा २० टक्क्यांनी घट झाली की कामाची पद्धत तपासायची. लाल पेशींतलं एन्झाइम ३० टक्क्यांनी किंवा रक्तद्रवातलं ४० टक्क्यांनी घसरलं की माणसाला फवारणीपासून दूर ठेवायचं, आणि ते मूळच्या ८० टक्क्यांवर परत आल्याशिवाय कामावर घ्यायचं नाही.

आपल्याकडे असा पाया घ्यायचा तर तो जूनमध्ये घ्यावा लागेल, पेरणीच्या धांदलीत, पहिली फवारणी व्हायच्या आत. प्राथमिक आरोग्य केंद्रात, एक सिरिंज रक्त, आणि ते नावासकट नोंदवून ठेवायला एक वही. सप्टेंबरमध्ये तोच माणूस गरगरतं म्हणून आला, तर डॉक्टरकडे ताडून पाहायला काहीतरी असेल.